गाजलेल्या गाण्याची उचल : ‘क्लोजिंग टाइम’ आणि एका ड्रमरचा जमाखर्च

मार्च १९९८ मध्ये अमेरिकेतल्या मिनीआपोलिस शहरातल्या एका तिघांच्या बँडचं गाणं रेडिओवर वाजायला लागलं आणि पुढे अख्खा उन्हाळा वाजतच राहिलं. बँडचं नाव सेमिसॉनिक, गाण्याचं ‘क्लोजिंग टाइम’. बार बंद व्हायची वेळ झाली, दिवे लागलेत, आता उठा आणि निघा, असं ते वरवर सांगतं. कार्यक्रमाच्या शेवटी रोज तेच गाणं वाजवून कंटाळलेल्या सोबत्यांना नवं ‘शेवटचं गाणं’ हवं होतं, म्हणून गायक डॅन विल्सनने ते लिहायला घेतलं. त्याची बायको तेव्हा गरोदर होती. अर्ध्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण बाळाच्या जन्माबद्दलही लिहितोय: तिथली मुदत संपली, आता बाहेर ये. या दुहेरी अर्थामुळे ते गाणं मला आवडतं. पण मी इथे लिहितोय ते त्या गाण्याच्या खातेवहीबद्दल.

ती खातेवही जगापुढे आणली बँडच्या ड्रमरने. जेकब स्लिक्टर त्याचं नाव. बाप इलिनॉय विद्यापीठातला नावाजलेला भौतिकशास्त्रज्ञ, मुलगा हार्वर्डचा पदवीधर, आणि वाजवायला बसला की भीतीने पोटात गोळा येणारा. दौऱ्यावर असताना तो रोजनिशीसारखं लिहीत असे. त्यातून २००४ मध्ये ‘सो यू वॉना बी अ रॉक अँड रोल स्टार’ हे आत्मकथन झालं. संगीतकारांच्या आठवणींत नशा, भांडणं आणि प्रेमप्रकरणं भरपूर असतात. कराराचं कलम आणि टक्का समजावून सांगणारा माणूस क्वचित भेटतो, आणि तो बहुधा मागे बसणारा साथीदार असतो.

मी तबला वाजवतो. गायकाच्या उजव्या हाताला बसून वर्षं गेली. गायकाला समोरचे रसिक दिसतात. आम्हाला गायकही दिसतो, रसिकही दिसतात आणि विंगेत आयोजक कोणाच्या हातात किती जाडीचं पाकीट ठेवतोय तेही दिसतं. आपल्याकडे गोविंदराव टेंबे हे याचं मोठं उदाहरण. हार्मोनियमवर साथ करणारा हा माणूस १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळीचा भागीदार झाला. भागीदारीतून बाहेर पडला आणि पुढे ‘माझा जीवनविहार’ लिहिलं. बोडसांनीही ‘माझी भूमिका’ लिहिली. त्या तिघांपैकी मालकी ज्यांच्याकडे राहिली आणि कर्जाचा डोंगरही ज्यांच्या डोक्यावर आला, त्या बालगंधर्वांनी मात्र असं पुस्तक लिहिलं नाही.

उचल

रेकॉर्ड कंपनी बँडला करार करताना रक्कम देते तिला इंग्रजीत ॲडव्हान्स म्हणतात. वर्तमानपत्रात ‘अमुक बँडला इतक्या लाखांचा करार’ अशी बातमी येते आणि वाचणाऱ्याला वाटतं, पोरांचं कल्याण झालं. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, उचल. तमाशाच्या फडात हंगामाआधी कलावंत उचल घेतात, ऊसतोडणीला निघताना गाडीवान घेतो. उचल ही कमाई नव्हे. ती अंगावर बसते आणि कामातून फिटते. अमेरिकन रॉक बँडची गोष्ट याहून वेगळी नाही. फरक दोन आहेत, आणि दोन्ही बँडच्या विरुद्ध जातात.

पहिला फरक असा की उचल वाढत जाते. स्टुडिओचं भाडं, निर्मात्याची फी, मिक्सिंग हे सगळं बँडच्या नावावर. व्हिडिओच्या खर्चाचा साधारण अर्धा भाग बँडच्या नावावर. दौऱ्यात तोटा आला आणि कंपनीने तो भरून काढला, तर तोही. रेडिओवर गाणं लावून घ्यायला झालेल्या खर्चाचा काही भाग, तोही. कंपनी खर्च करत जाते आणि बँडच्या पानावर लिहीत जाते. पहिल्या अल्बमची उचल फिटली नाही तर सहसा ती दुसऱ्या अल्बमच्या खात्यात ओढली जाते. सेमिसॉनिकचा १९९६ चा पहिला मोठा अल्बम ‘ग्रेट डिव्हाइड’ समीक्षकांना आवडला, पण फारसा खपला नाही. अशा स्थितीत दुसरा अल्बम करायला बसलेला बँड शून्यावरून सुरुवात करत नाही, वजावरून करतो.

दुसरा फरक मला जास्त बोचतो. उचल फिटली की गाडीवान आपले बैल घेऊन गावी जातो. इथे उचल फिटली तरी बैल कंपनीच्याच गोठ्यात राहतात. ध्वनिमुद्रणाचा खर्च बँडच्या वाट्यातून वसूल होतो, आणि ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीची राहते.

आता आकडे मांडतो. हे सेमिसॉनिकच्या कराराचे आकडे नव्हेत. नव्वदीच्या दशकातल्या सर्वसाधारण करारांत ज्या अटी असत, त्यांवरून मी केलेलं गणित आहे. सीडीची छापील किंमत १७ डॉलर धरू. त्यातून ‘वेष्टणाचा खर्च’ म्हणून २५ टक्के वजा, उरले १२.७५. बँडचा टक्का, म्हणजे विक्रीतला वाटा किंवा रॉयल्टी, १३, पण त्यातले ३ निर्मात्याला, म्हणजे हातात १०. झाले सुमारे १.२७ डॉलर. मग दुकानदारांना ‘फुकट माल’ दिला या नावाखाली १५ टक्के प्रतींवर रॉयल्टी नाहीच. उरले प्रत्येक सीडीमागे १.०८ डॉलर. खर्चाच्या बाजूला ध्वनिमुद्रणाचे ३ लाख, दोन लाखांच्या व्हिडिओतला निम्मा वाटा म्हणजे १ लाख, दौऱ्याच्या तोट्याचे दीड लाख, आणि रेडिओवरच्या सात लाखांपैकी निम्मे म्हणजे साडेतीन लाख. बेरीज ९ लाख डॉलर. ती १.०८ ने फेडायची तर सुमारे ८ लाख ३० हजार सीड्या विकाव्या लागतात. तोवर बँडला रॉयल्टीचा एक डॉलर मिळत नाही. घाऊक भाव १० डॉलर धरला तर तेवढ्याच विक्रीत कंपनीकडे ८३ लाख डॉलर आलेले असतात. कंपनीलाही खर्च असतात, आणि तिचे बहुतेक अल्बम बुडतात, हे खरं आहे. पण बुडालेल्या दुसऱ्या बँडांचा तोटा भरून काढणारी रक्कम गाजलेल्या बँडच्या घामातून येते, हेही तेवढंच खरं.

स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाने १९९३ मध्येच एका गाजलेल्या लेखात असा हिशेब मांडला होता. त्यात बँडचा प्रत्येक माणूस वर्षाकाठी ४ हजार डॉलरच्या आसपास घेऊन घरी जातो. अल्बिनी स्वतः टक्का घेत नसे. निर्वाणा बँडच्या ‘इन युटेरो’साठी त्याने १ लाख डॉलर ठोक फी घेतली आणि विक्रीतला वाटा नाकारला. नळाचं काम करणाऱ्यासारखे आपल्याला कामाचे पैसे मिळावेत, अशी त्याची भूमिका होती.

गाणं रेडिओवर कसं जातं

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. ‘क्लोजिंग टाइम’ रेडिओवर वाजवून घ्यायला सात ते आठ लाख डॉलरच्या घरात खर्च आला, असं बँडच्या व्यवस्थापकाने उघड सांगितलं आहे. गाणं चांगलं होतं. लोकांना ते मनापासून आवडलं. तरीही ते लोकांच्या कानापर्यंत पोचवायला एवढी रक्कम ओतावी लागली.

पैसे घेऊन गाणी वाजवण्याचा घोटाळा अमेरिकेत १९५९ मध्ये उघडकीस आला होता. ॲलन फ्रीड हा त्या काळचा सर्वात प्रसिद्ध रेडिओ निवेदक त्यात संपला. १९६० मध्ये कायदा झाला की पैसे घेऊन गाणं वाजवलं तर श्रोत्यांना तसं सांगितलंच पाहिजे. तेव्हा धंद्याने मधला माणूस उभा केला. त्याला स्वतंत्र प्रवर्तक म्हणत. तो स्टेशनला वर्षाची ठोक रक्कम देई, ‘जाहिरातीला मदत’ म्हणून. बदल्यात स्टेशन आपल्या यादीत नवं गाणं घेतलं की पहिली बातमी त्याला देई. मग तो रेकॉर्ड कंपनीला बिल पाठवी: या आठवड्यात या स्टेशनने तुमचं गाणं घेतलं, इतके डॉलर. त्या गाण्यासाठी त्याने काही धडपड केली असो वा नसो. स्टेशनने कंपनीकडून पैसे घेतले नाहीत, कंपनीने स्टेशनला दिले नाहीत, कागदावर कायदा कुठेच मोडला नाही. शेकडो स्टेशनं, प्रत्येकाचा वेगळा दर आणि दर आठवड्याला नवी बिलं. एका प्रकारच्या स्टेशनांवर गाणं चाललं की दुसऱ्या प्रकारच्या स्टेशनांवर ते चढवायचं, म्हणजे तोच खर्च पुन्हा. गाणं आधी ‘मॉडर्न रॉक’ स्टेशनांच्या यादीत पहिलं आलं, मग प्रौढ श्रोत्यांच्या पॉप स्टेशनांवर गेलं.

त्यात १९९६ चा दूरसंचार कायदा आला. आधी एका कंपनीला देशभरात ४० स्टेशनांची मर्यादा होती, ती उठली. काही वर्षांतच क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे १२०० च्या वर स्टेशनं आली. दरवाजे कमी झाले की दारवानाचा भाव वाढतो.

न्यूयॉर्क राज्याचे महाधिवक्ता एलियट स्पिट्झर यांनी यावर चौकशी लावली ती पुष्कळ उशिरा. २००५ मध्ये सोनी बीएमजीने १ कोटी डॉलर आणि वॉर्नरने ५० लाख भरून प्रकरण मिटवलं. २००६ मध्ये सेमिसॉनिकच्या कंपनीची मालक असलेल्या युनिव्हर्सलने १ कोटी २० लाख आणि ईएमआयने ३७.५ लाख भरले. ज्या बँडांच्या खात्यावर त्या बिलांचा भाग चढला होता, त्यांची खाती या तडजोडींनी कोरी झाली नाहीत.

एक छोटी पण बोलकी गोष्ट. उन्हाळाभर गाणं कानावर पडत असताना अमेरिकेतल्या दुकानात ते एकटं विकत मिळत नव्हतं. ‘क्लोजिंग टाइम’ हवं असेल तर ‘फीलिंग स्ट्रेंजली फाइन’ हा बारा गाण्यांचा अख्खा अल्बम घ्या. दुकानात सुटं नसलेलं गाणं बिलबोर्ड या संगीतविषयक नियतकालिकाच्या मुख्य शंभराच्या यादीत तेव्हा धरलं जात नसे, त्यामुळे त्या वर्षी इतकं वाजलेलं गाणं त्या यादीत दिसत नाही. अल्बम मात्र अमेरिकेत १० लाखांच्या पुढे गेला. पुढच्याच वर्षी इंटरनेटवर नॅपस्टर आलं आणि लोक एकेक गाणं फुकट उतरवून घेऊ लागले. चोरी ती चोरीच, पण एका गाण्यासाठी १७ डॉलर मोजायला लावलेल्या गिऱ्हाईकाचा राग त्यामागे होता, हे रेकॉर्ड कंपन्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

लिहिणारा आणि वाजवणारा

अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकाला पैसे मिळतात. गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला मिळत नाहीत. ‘क्लोजिंग टाइम’ एकट्या विल्सनच्या नावावर आहे. म्हणजे कायद्याने त्या उन्हाळ्यात रेडिओवर ते जितक्या वेळा वाजलं, त्यातल्या प्रत्येक वेळी ड्रमचा ठोका ऐकू आला आणि त्या ठोक्याचे पैसे शून्य.

सीडीवरही हाच भेद. १९९८ मध्ये प्रत्येक गाण्यामागे लिहिणाऱ्याचा कायदेशीर दर ७.१ सेंट होता. बारा गाण्यांचे ८५ सेंट होतात. करारांत सहसा तो दर पाऊण केला जाई आणि दहाच गाणी धरली जात, म्हणजे ५३ सेंट. कंपनी इथेही कापून घेई. तरी हे ५३ सेंट पहिल्या सीडीपासून सुरू होत, कारण ही रक्कम उचलीत वळती होत नसे. वर केलेल्या गणितात ड्रमरचा पहिला डॉलर ८ लाख ३० हजार सीड्यांनंतर येतो आणि लेखणीचे पैसे पहिल्या सीडीला येतात. एका बँडमधले, एका गाडीत झोपणारे, एकच डबा खाणारे तिघे. मित्रांनी आपसात वाटणी कशी केली हा त्यांचा प्रश्न; कायद्याने आणि कराराने त्यांच्यात जी भिंत घातली ती ही अशी.

पुढे घडलं तेही याच रेषेवर. दुसरं गाणं ‘सिंगिंग इन माय स्लीप’ तसं चाललं नाही. ब्रिटनमध्ये १९९९ साली ‘सीक्रेट स्माइल’ गाजलं. डिसेंबर १९९८ मध्ये युनिव्हर्सलची मालक सीग्रामने १० अब्ज डॉलरहून जास्त मोजून पॉलिग्राम ही दुसरी मोठी रेकॉर्ड कंपनी विकत घेतली. त्यांची लेबलं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या शाखा, एकमेकांत घातली गेली, माणसं कमी झाली आणि कित्येक बँड वाऱ्यावर सुटले. मार्च २००१ मध्ये ‘ऑल अबाउट केमिस्ट्री’ आला आणि अमेरिकेत आपटला. बँड थांबला. विल्सन दुसऱ्यांसोबत गाणी लिहायला लागला. डिक्सी चिक्ससोबतच्या गाण्याला २००७ मध्ये ग्रॅमीचं ‘वर्षातलं गाणं’ हा मान मिळाला. मग ॲडेलसोबत लिहिलेलं ‘समवन लाइक यू’ २०११ मध्ये जगभर गेलं. ड्रमरने पुस्तक लिहिलं.

इथे मी माझी एक गोष्ट सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका कंपनीच्या भक्तिगीतांच्या अल्बमसाठी मी दोन शिफ्ट वाजवल्या. संध्याकाळी रोख पैसे मिळाले, एका कागदावर सही घेतली. कागद वाचला नाही, कारण पुढच्या शिफ्टची माणसं दारात उभी होती. त्यातलं एक गाणं आजही एसटी स्टँडवर, देवळात, लग्नाच्या मांडवात वाजतं. सुरुवातीचा ठेका ऐकला की माझे हात ओळखतात. कव्हरवर तबलजीचं नाव नाही. स्लिक्टरचं पुस्तक वाचताना मला तो कागद सतत आठवत होता.

लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यातला साठच्या दशकातला वाद मराठी माणसाला माहीत आहे. लताबाईंचं म्हणणं, गायकालाही रॉयल्टी हवी. रफीसाहेबांचं म्हणणं, गायला, मानधन घेतलं, तिथे आपला हक्क संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. रफीसाहेबांच्या बोलण्यात सज्जनपणा होता, पण या बाबतीत लताबाई बरोबर होत्या असं मला ठामपणे वाटतं. कायद्याने ते मान्य करायला २०१२ साल उजाडलं. कॉपीराइट कायद्याच्या त्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा आपला वाटा लिहून देता येणार नाही असं ठरवलं, आणि सादर करणाऱ्यालाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क दिला. त्यात वादक येतो. मात्र चित्रपटापुरती एक मेख आहे. ज्याचं काम प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला सादरकर्ता धरलं जात नाही. म्हणून माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना मी सांगतो की स्टुडिओत गेलात तर मानधन विचाराल तितक्याच स्पष्टपणे विचारा, नाव कुठे येणार. यात लाजायचं काही नाही.

अमेरिकेतही एक फट पडली आहे. १९९५ च्या कायद्याने डिजिटल प्रसारणावर सादरकर्त्याचा हक्क मानला. साउंडएक्स्चेंज ही संस्था उपग्रह आणि इंटरनेट रेडिओकडून पैसे गोळा करते. ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकारांना, ५ टक्के इतर वादक-गायकांच्या निधीला. कलाकारांचा वाटा थेट त्यांना जातो, कंपनीच्या खातेवहीतून जात नाही, त्यामुळे जुनी उचल त्याला शिवू शकत नाही. म्हणजे उपग्रह रेडिओवर ‘क्लोजिंग टाइम’ लागलं की ड्रमचे पैसे होतात. एफएमवर आजही होत नाहीत.

राहिले गोठ्यातले बैल. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद आहे: हक्क लिहून दिल्यावर साधारण ३५ वर्षांनी कलाकार आगाऊ नोटीस देऊन ते परत मागू शकतो. नोव्हेंबर १९९९ मध्ये उपग्रह टीव्हीबद्दलच्या एका विधेयकात चार शब्द घुसडून ध्वनिमुद्रणं या तरतुदीतून बाहेर काढण्याचा प्रयत्न झाला. कलाकार खवळले आणि ऑक्टोबर २००० मध्ये ते शब्द मागे घ्यावे लागले. ध्वनिमुद्रण हे नोकरीत केलेलं काम ठरतं की कलाकाराची स्वतःची निर्मिती, यावर कंपन्या अजून भांडतात. १९९८ मध्ये ३५ मिळवले की २०३३ येतं. नोटीस किमान दोन वर्षं आधी द्यावी लागते, आणि जास्तीत जास्त दहा वर्षं आधी देता येते. २०२३ पासून ती खिडकी उघडी आहे. त्याच वर्षी, बावीस वर्षांनंतर, तेच तिघे सेमिसॉनिकचा नवा अल्बम घेऊन आले.